विश्लेषण : कामगिरीचा फलक हिरवा, मग क्रांती चौकात गर्दी का?

सरकारी कार्यालयांना आता गुण मिळतात, टक्केवारी जाहीर होते, अर्जांचा निपटारा डॅशबोर्डवर दिसतो. तरीही निराधारांचे अनुदान आणि रखडलेले हप्ते यांसाठी लोकांना रस्त्यावर यावे लागते. मोजमापात नेमके काय सुटते आहे?

छत्रपती संभाजीनगरात मोर्चा म्हटला की पत्ता ठरलेला असतो : क्रांती चौक. ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा क्रांती मोर्चाची सुरुवात इथूनच झाली. इथून पैठण गेट, गुलमंडी, सिटी चौक करत दिल्ली गेटजवळच्या विभागीय आयुक्त कार्यालयाकडे जायचे, ही शहरातल्या मोर्चांची ओळखीची वाट. मागण्या बदलतात, झेंडे बदलतात, वाट बदलत नाही.

दुसरीकडे सरकारी कामाचे चित्र वेगळे दिसते. लक्ष्य ठरते, मुदत ठरते, निकाल लागतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात का? असू शकतात. त्यासाठी आधी मोजमाप कसे होते ते पाहू.

कामाला गुण देण्याची पद्धत कशी सुरू झाली?

मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयांसाठी १०० दिवसांचा कार्यक्रम हाती घेतला. संकेतस्थळ अद्ययावत करणे, सुकर जीवनमान, कार्यालयाची स्वच्छता, तक्रार निवारण, अभ्यागतांसाठी सुविधा, गुंतवणुकीला चालना, अधिकाऱ्यांच्या क्षेत्रीय भेटी असे मुद्दे त्यात होते. कार्यालयांचे मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेने केले.

१ मे २०२५ रोजी निकाल जाहीर झाला. मंत्रालयातील विभागांनी मिळून ९०२ उद्दिष्टे ठरवली होती. त्यांपैकी ७०६, म्हणजे सुमारे ७८ टक्के पूर्ण झाल्याचे सांगण्यात आले. ४८ पैकी १२ विभागांनी सर्व उद्दिष्टे गाठली. विभागांच्या क्रमवारीत महिला व बालविकास विभाग ८० टक्के गुणांसह पहिला आला. जिल्हाधिकारी कार्यालयांमध्ये चंद्रपूर अव्वल ठरले. पहिल्या पाचांत मराठवाड्यातून फक्त नांदेड होते.

त्यानंतर १५० दिवसांचा कार्यक्रम आला. त्यात ई-ऑफिस, डॅशबोर्ड, व्हॉट्सअ‍ॅप चॅटबॉट, कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर यांवर भर होता.

हे सगळे निरुपयोगी म्हणता येणार नाही. ज्या कार्यालयात बसायला बाकडे नव्हते तिथे बाकडे आले, संकेतस्थळावरची जुनी माहिती बदलली, हे लोकांच्या उपयोगाचेच आहे. पण यादी पुन्हा वाचा. यातले बहुतेक मुद्दे कार्यालयाचे आहेत. कार्यालयातून बाहेर पडलेल्या माणसाच्या हातात काय आले, हा वेगळा प्रश्न आहे.

प्रत्येक टप्पा वेळेत, तरी मदत उशिरा. हे कसे?

एक उदाहरण घेऊ. समजा, पैठण तालुक्यातील एका महिलेचा पती वारला. तिला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभ हवा आहे. १९८० पासून सुरू असलेल्या या योजनेचे अनुदान जुलै २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये झाले. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते नंतर २,५०० रुपये करण्यात आले.

तिला आधी पतीच्या मृत्यूचा दाखला लागेल. तो ग्रामपंचायत देईल. मग उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला. तो महसूल विभाग देईल. मग योजनेचा अर्ज. तो तालुका समितीसमोर जाईल. मंजुरीनंतर देयक तयार होईल. शेवटी पैसे बँकेत जमा होतील.

उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत १५ दिवस आहे. तो बाराव्या दिवशी मिळाला, तर महसूल विभागाचा रकाना हिरवा. ग्रामपंचायतीने दाखला वेळेत दिला, तिचाही रकाना हिरवा. देयक वेळेत निघाले, तोही हिरवा. मात्र समितीची बैठकच लांबली किंवा पैसे भलत्याच खात्यात गेले, तर त्या बाईच्या हातात शून्य.

इथेच खरी मेख आहे. मदत साखळीने मिळते आणि मोजमाप एकेका कडीचे होते. पहिल्या कागदापासून पहिल्या रुपयापर्यंत किती दिवस गेले, हा आकडा कोणत्याच एका कार्यालयाचा नसतो. म्हणून त्याची जबाबदारीही कुणाची नसते.

आणखी एक अडचण निकषातच आहे. या योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा २१ हजार रुपये आहे. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. मजुरी करून घर चालवणाऱ्या कुटुंबाचे प्रामाणिक उत्पन्न या आकड्यात बसवणे कठीण. त्यामुळे दाखला पंधरा दिवसांत देऊनही तो दाखला तिला अपात्रच ठरवू शकतो. सेवा वेळेत झाली, मदत झाली नाही.

सेवा हक्क कायद्याचे घड्याळ कधी सुरू होते?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. त्याआधी 'साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात या' या उत्तराला सामान्य अर्जदाराकडे फारशी तोड नव्हती. या कायद्याने अधिसूचित सेवेला मुदत दिली, जबाबदार अधिकारी ठरवला, दंडाची तरतूद केली. योग्य कारणाशिवाय विलंब केल्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज करून त्याचा क्रमांक घेता येतो. हा बदल मोठा आहे.

पण दोन बारकावे लक्षात घ्यायला हवेत.

पहिला : मुदत मोजायला सुरुवात होते ती सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. कागद अपुरा म्हणून अर्ज परत आला, तर अर्जदाराचे दिवस जातात, कार्यालयाचे नाही. खेपा तिच्या, घड्याळ मात्र बंद.

दुसरा : अधिकाऱ्याने मुदतीत एकतर सेवा द्यायची किंवा लेखी कारण देऊन अर्ज फेटाळायचा. दोन्ही केले तरी मुदत पाळली गेली. म्हणून '९५ टक्के अर्ज वेळेत निकाली' अशी पाटी कुठे दिसली, तर पहिला प्रश्न विचारावा : निकाली म्हणजे मंजूर किती आणि नामंजूर किती?

जी व्यक्ती कागदांअभावी अर्जापर्यंत पोहोचलीच नाही, ती तर या टक्केवारीत वरही नाही आणि खालीही नाही.

लाडकी बहीण योजनेतून काय दिसले?

लक्ष्य कसे ठरते त्यावर यंत्रणा कशी वागते, याचे जवळचे उदाहरण म्हणजे 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना. जून २०२४ अखेरीस शासन निर्णय निघाला आणि ऑगस्टमध्ये पहिले हप्ते जमा झाले. वेळ कमी, अर्ज प्रचंड. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असल्यास उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. अर्ज भरून देणाऱ्या अंगणवाडी सेविका व इतरांना पात्र अर्जामागे ५० रुपये प्रोत्साहन भत्ता ठरला. तेव्हा लक्ष्य होते जास्तीत जास्त महिलांपर्यंत पोहोचण्याचे. ते गाठलेही गेले.

वर्षभराने चक्र उलटे फिरले. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी माहिती दिली की, सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचे पडताळणीत आढळले आणि जून २०२५ पासून त्यांचा लाभ तात्पुरता स्थगित केला. यात एकापेक्षा अधिक योजनांचा लाभ घेणारे, एकाच कुटुंबातील दोनपेक्षा अधिक लाभार्थी आणि काही पुरुषही होते. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तपासणी होऊन पात्र ठरणाऱ्यांचा लाभ पुन्हा सुरू होईल, असेही सांगण्यात आले.

मग सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वांना ई-केवायसी बंधनकारक झाली. त्यात पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत किंवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्यांनी काय करायचे? त्यांच्यासाठी वेगळी सोय नंतर करावी लागली. १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली गेली. पूरग्रस्त भागांतील महिलांची अडचण हेही त्यामागचे एक कारण होते. त्या पावसाळ्यात मराठवाड्यात पुराने घरेच नाही तर कागदपत्रेही वाहून नेली होती.

धडा सरळ आहे. फक्त मंजूर अर्ज मोजले की नको ते आत येतात. फक्त वगळलेले अर्ज मोजले की हवे ते बाहेर जातात. दोन्ही चुका एकत्र मोजल्या तरच तोल राहतो.

पैसे 'जमा झाले' म्हणजे मिळाले का?

संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनांचे अनुदान आता थेट आधार-संलग्न खात्यात जाते. मधले हात कमी झाले, हा फायदा खरा. पण आधार-आधारित हस्तांतरणात पैसे जातात ते आधारशी शेवटी जोडलेल्या बँक खात्यात. एखाद्या आजीने कधीतरी दुसरे खाते उघडले असेल आणि आधार तिकडे जोडला गेला असेल, तर ती जुने पासबुक घेऊन रांगेत उभी राहते आणि पैसे दुसऱ्याच बँकेत साचतात. 'खात्याला आधार दिले आहे' आणि 'आधारवर पैसे येण्यासाठी हेच खाते जोडले आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कष्टाने बोटांचे ठसे झिजलेल्या मजुरांना आणि वृद्धांना अंगठ्याचे यंत्र ओळखत नाही, ही अडचण वेगळीच.

संगणकावर हा व्यवहार यशस्वी दिसतो. लाभार्थ्याच्या दृष्टीने महिना कोरडा गेलेला असतो.

जगाचा अनुभव काय?

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेला विचार आज जगभर सांगितला जातो. त्याचा साधा अर्थ असा की, माप हेच लक्ष्य झाले की ते चांगले माप राहत नाही. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत आपत्कालीन रुग्णाचा निर्णय चार तासांत लावण्याचे लक्ष्य ठरले. प्रतीक्षा कमी झाली. पण घड्याळ सुरू होऊ नये म्हणून रुग्णवाहिका दारातच थांबवून ठेवल्याच्या तक्रारीही झाल्या.

नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यातील फसवणूक शोधण्याच्या अतिउत्साहात हजारो निर्दोष कुटुंबांवर वसुली लादली गेली. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. श्रीमंत, पूर्ण डिजिटल देशातही हे घडले.

मग मोजायचे काय?

मोजमाप बंद करणे हा उपाय नाही. मोजमाप नव्हते तेव्हा गरिबाचा विलंब कुणाला दिसतही नव्हता. गरज आहे ती चार आकडे वाढवण्याची.

१) पहिला कागद मागितल्यापासून पहिला हप्ता हातात येईपर्यंतचे एकूण दिवस.

२) फेटाळलेले आणि त्रुटीसाठी परत पाठवलेले अर्ज, कारणांसह, तालुकानिहाय.

३) पैसे परत आले किंवा लाभ थांबला अशी प्रकरणे, आणि त्यांपैकी किती जणांचा लाभ चुकीने थांबला होता.

४) कार्यालयाला न विचारता, लाभार्थ्यांच्या दारात जाऊन केलेली नमुना तपासणी.

हे आकडे सुरुवातीला कुणालाच शोभणार नाहीत. म्हणूनच ते जाहीर करणाऱ्या अधिकाऱ्याचे गुण कापले न जाता वाढायला हवेत. नाहीतर खरा आकडा वर जाणारच नाही.

तुमचे काम अडले असेल तर?

अर्ज दिला की क्रमांक असलेली पोच घ्या आणि सेवा कोणत्या तारखेपर्यंत मिळायला हवी ते विचारा. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. सेवा अधिसूचित असेल तर मुदत संपल्यापासून किंवा नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील करता येते. त्यावर समाधान नसेल तर ३० दिवसांत दुसरे, आणि तिसरे अपील ६० दिवसांत राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. अनुदान थांबले असेल तर तहसीलला जाण्याआधी बँकेत जाऊन आधारवरचे पैसे सध्या कोणत्या खात्याला जोडले आहेत ते तपासा.

क्रांती चौकात उतरणारी गर्दी म्हणजे व्यवस्थेला अडथळा, असे अनेकदा मानले जाते. प्रत्यक्षात तोही एक फलकच आहे. डॅशबोर्डच्या कोणत्याच रकान्यात न बसलेली माणसे तिथे स्वतः मोजून घ्यायला आलेली असतात.