गणपतीला गावी निघण्याआधी गाडीचा काटा तपासा

तुमच्या दारात जुनी गाडी आहे का? पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, पहिल्या वर्षांतली मारुती 800? वडिलांनी घेतलेली, घरच्यांनी जपलेली? मग हे शेवटपर्यंत वाचा. गणपती जवळ आलेत. थोड्याच दिवसांत तुम्ही सगळं घर त्या गाडीत बसवून कोकणाच्या वाटेला लागाल. त्याआधी एक काम करा. स्पीडोमीटरचा काटा खरा वेग दाखवतोय का, ते तपासा.

ब्रेक तुम्ही पाहून घेता. टायरमधली हवा पाहता, वायपर बदलता. काट्याकडे मात्र कुणी वळून पाहत नाही. तो हलतोय म्हणजे चालतोय, असं आपण धरून चालतो. बंद पडलेल्या मीटरचा चालक निदान सावध तरी असतो. कमी वेग दाखवणारा काटा त्याहून घातक, कारण त्याच्या भरवशावर तुम्ही निर्धास्त असता.

हिशेब पाहा. काटा 60 दाखवतोय आणि गाडी खरं तर 72 ने धावतेय. फरक जेमतेम 12 चा वाटतो. पण ब्रेक दाबल्यावर लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. 60 ला जेवढं लागतं, त्याच्या जवळजवळ दीडपट 72 ला लागतं. वळणापलीकडे एसटी उभी आहे असं समजा. खऱ्या 60 ने येणारी गाडी तिच्या हातभर अलीकडे थांबते. त्याच जागी ब्रेक दाबलेली तुमची गाडी तिथे पोहोचते तेव्हा तिचा वेग अजून 40 असतो. या गाड्यांना एबीएस नाही, एअरबॅग नाहीत. कित्येकींच्या मागच्या सीटला पट्टेही नाहीत. आणि मागच्याच सीटवर आजी बसलेली असते, तिच्या मांडीवर नातू.

म्हणून येत्या रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना बाहेर पडा. एकटे जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या. किलोमीटरचे दगड शाबूत असलेला सरळ, सपाट रस्ता निवडा. तुम्ही काटा 60 वर स्थिर धरा आणि नजर रस्त्यावर ठेवा. शेजारच्याने एका दगडापाशी मोबाइलवरचं स्टॉपवॉच सुरू करावं आणि पाच दगड पुढे बंद करावं. खऱ्या 60 ने पाच किलोमीटरला बरोबर 300 सेकंद लागतात. 250 सेकंदांतच पोहोचलात, तर तुम्ही 72 ने आलात. सोपं सूत्र सांगतो: 18,000 ला त्या सेकंदांनी भागा, खरा वेग मिळेल. जोडीला मोबाइलचं जीपीएसही पाहा. वेग स्थिर आणि आकाश मोकळं असेल तर ते चांगलं सांगतं. बोगद्यात, दाट झाडीच्या घाटात त्याच्यावर विसंबू नका. फोन शेजारच्याच्याच हातात राहू द्या.

त्याच फेरीत दहा दगडांपर्यंत जा आणि ओडोमीटरचे आकडेही लिहून घ्या. निम्मं निदान त्यातच आहे. कसं, ते समजून घ्या. गिअरबॉक्समधल्या शाफ्टवरची गरारी एका छोट्या पिनियनला फिरवते. पिनियन केबल फिरवतो. केबल डॅशबोर्डमागे मीटरमधलं चुंबक फिरवते. चुंबकाला लागून, पण त्याला न शिवता, अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत वीजप्रवाह उमटतात आणि ती त्याच्या दिशेने ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे स्थिरावतो, तो तुमचा वेग. जर्मनीच्या ऑटो शुल्झ यांनी 1902 मध्ये पेटंट घेतलेली ही करामत. ओडोमीटरही त्याच केबलवर चालतो, पण तो थेट दात्यांनी फिरतो. चुंबक आणि स्प्रिंगशी त्याला देणंघेणं नाही.

आता पाहा. दगडांप्रमाणे 10 किलोमीटर झाले, ओडोमीटरनेही 10 मोजले, तरी काटा चुकतोय? मग खोट मीटरच्या आत आहे. वयाने चुंबक क्षीण झालं की काटा कमी दाखवतो. स्प्रिंग सैल पडली की जास्त दाखवतो. गाडी उभी असताना काटा शून्यावर येत नसेल, तर आत मळ किंवा तेल शिरलं असण्याची शंका घ्या. हे काम मीटर दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराचं आहे. कृपा करून स्वतः चिमट्याने स्प्रिंग वाकवू नका. काटा उपसून अंदाजाने दुसरीकडे बसवू नका.

ओडोमीटरच 10 च्या जागी साडेनऊ मोजतोय आणि काटाही त्याच प्रमाणात कमी दाखवतोय? मग आधी टायर पाहा. हा दोष सगळ्यांत जास्त घरांत दडलेला असतो, कारण तो आपण पैसे देऊन आणलेला असतो. मारुती 800 चा मूळ टायर 145/70 आर 12. दुकानात तो नसला की 145/80 आर 12 बसवला जातो. रिम तीच, दिसायलाही भरदार. पण हा टायर सुमारे साडेपाच टक्के मोठा आहे. एका फेऱ्यात तो जास्त रस्ता कापतो आणि मीटरला ते कळत नाही. काटा 80 वर असताना तुम्ही 84 च्या पुढे असता. त्यात चुंबक थकलेलं असेल, तर दोन्ही चुका एकाच दिशेने साठतात. टायरच्या कडेवरचा आकडा आजच वाचा, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहा. गाडीत पुढे कधी दुसरं इंजिन किंवा दुसरा गिअरबॉक्स बसवला असेल, तर मीटर आणि पिनियन एकमेकांना साजेसे आहेत का, हे मिस्त्रींना विचाराच.

आणि काटा थरथरत असेल तर? 40 आणि 60 च्या मध्ये नाचत असेल तर? असा काटा पाहताना आपण नकळत सोयीचा आकडा निवडतो. घाई असली की खालचा. हे तुमच्या घरच्यांच्या जिवावर बेतू शकतं.

यावर इलाज स्वस्त आहे आणि बहुधा तुमच्या हातात आहे. केबल दोन्ही टोकांना सोडवा. डॅशबोर्डमागे हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आतली तार ओढून बाहेर घ्या, पुसा आणि सपाट टेबलावर बोटांनी लाटा. ती उड्या मारत असेल, तर तिला पीळ बसलाय. नवी केबल घ्या. टोकाचे चौकोनी कोपरे झिजून गोल झाले असतील, तरीही नवीच घ्या. तार ठीक असेल तर हलकं ग्रीस पातळ लावा. मीटरकडचं वीतभर टोक मात्र कोरडं ठेवा, नाहीतर ग्रीस वर चढून वाटीत शिरतं आणि चांगलं मीटर बिघडतं. केबल ओढताना तेलाने निथळत आली, तर गिअरबॉक्सकडचं सील गेलंय. ते बदलल्याशिवाय नवी केबल घालू नका. परत बसवताना कुठेही तीव्र वळण देऊ नका. काटा आणि ओडोमीटर दोन्ही ठप्प असतील, तर केबल तुटलीय किंवा पिनियनचे दात गेलेत, अशी शंका आधी घ्या.

जास्त वेग दाखवणारा काटा असेल तर काय बिघडलं, असं काही जण म्हणतील. बिघडतं. आपला काटा पुढे आहे हे कळलं की माणूस मनातल्या मनात दहा वजा करायला लागतो. पुढे केबल बदलते, टायर बदलतात, काटा खरा होतो, आणि वजाबाकीची सवय तशीच राहते.

घरातले वडीलधारे म्हणतील, मला इंजिनाच्या आवाजावरून वेग कळतो. त्यांच्या हाताला इतक्या वर्षांचा सराव आहे, त्याचा मान ठेवा. पण त्यांना हेही सांगा: वेगवान रस्त्यावर तासभर गाडी चालवली की भल्याभल्यांची जाण बोथट होते आणि 80 चा वेग सावकाश वाटू लागतो. नेमका अशा वेळी समोर घाट येतो, आणि पावसाने रस्ता ओला असतो. अंदाज चुकण्याची वेळ तीच. काका, बाबा, आजोबा, तुमच्या नातवंडांसाठी एवढी एक फेरी मारा.

दुरुस्तीला वेळ लागणार असेल, तर हातावर हात धरून बसू नका. 40, 60 आणि 80 ला खरा वेग किती भरतो, ते तपासा आणि कागदाच्या चिठ्ठीवर ठळक लिहून मीटरशेजारी चिकटवा. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवा. दुरुस्ती झाली की पुन्हा तीच फेरी मारा, कारण मिस्त्रींनी "झालं" म्हटलं तरी खरं उत्तर दगडच देतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांचा 117 वा नियम स्पीडोमीटरबद्दलच आहे, आणि 15 वर्षांनंतर नोंदणी वाढवताना गाडीची तपासणी होतेच. पण तुम्ही त्या तारखेची वाट पाहू नका. गावची तारीख त्याआधी आहे.

मिस्त्रीबंधूंनो, तुम्हालाही विनंती. गणपतीआधी सर्व्हिसिंगला आलेल्या प्रत्येक जुन्या गाडीचा टायरचा आकडा आणि मीटरची केबल न सांगता पाहा. मालकाला बोलवा, दाखवा.

आणि तुम्ही, किल्ली ज्यांच्या हातात आहे ते. सामान बांधायच्या आधी, मखराच्या आधी, हे उरका. रविवारी पहाटे बाहेर पडा. पाच किलोमीटर मोजा. काटा चुकत असेल, तर सोमवारी गाडी मिस्त्रींकडे न्या, आणि तो बरोबर झाल्याशिवाय घरच्यांना तिच्यात बसवू नका.