बिडाचा व्हाइस तडकला तर

तुमच्या घरात, गॅरेजात किंवा शेतावरच्या शेडमध्ये जुना बिडाचा व्हाइस असेल आणि त्याला तडा गेला असेल, तर घाईने भंगारात घालू नका. तितक्याच घाईने वेल्डिंगलाही नेऊ नका. आधी तडा कुठे आणि कुठवर गेलाय ते नीट बघा.

व्हाइस खोला. ग्रीस आणि जुना रंग काढा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो खरवडताना तोंडाला मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा. मग तड्यावर थोडं रॉकेल किंवा डिझेल लावा. दहा मिनिटांनी कोरडं पुसून वरून पांढरा खडू घासा. चीर असेल तिथे खडूवर ओलसर रेघ उमटते. डोळ्यांना दिसते त्यापेक्षा ती बऱ्याचदा लांब निघते.

जबड्याचा कोपरा उडाला असेल तर कानशीने धार मोडा आणि खुशाल वापरा. बाकाला बसवायचा बोल्टचा कान तुटला असेल तर तो जोडता येतो. पण पुढच्या जबड्याचा सरकता दांडा किंवा मागच्या जबड्याची मान तडकली असेल, तर विचार करा. आवळल्यावर सगळा जोर तिथेच येतो. जोड सुटला तर जड तुकडा पायावर पडेल किंवा हात सटकेल. असा व्हाइस जोडून घेतलात तरी हलक्याच कामाला ठेवा. जड कामाला दुसरा घ्या.

साध्या रॉडने वेल्डिंग करून घेऊ नका, हे मात्र हात जोडून सांगतो. बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो. साध्या रॉडचा टाका पडला की त्याच्या कडेचं बीड काचेसारखं कडक होतं आणि थंड होताना टाक्याशेजारीच नवी चीर पडते. पैसे जातात आणि पहिल्यापेक्षा वाईट वस्तू हाती येते.

वेल्डरला स्पष्ट सांगा, हे बीड आहे. दोनच गोष्टी मागा: गॅसवर पितळेची झाळ, नाहीतर निकेलचा रॉड. पितळ साधारण नऊशे अंशांना वितळतं. बीड त्याहून बऱ्याच जास्त तापमानाला. म्हणून झाळताना मूळ बीड वितळत नाही, आणि जुन्या व्हाइसला मला झाळच पसंत. निकेलचा रॉड महाग पडतो. तो वापरला तर टाके जेमतेम इंचभर घ्यायला लावा. प्रत्येक टाका गरम असतानाच हलक्या हातोडीने ठोकायचा, आणि हात लावता येईल इतका निवल्यावरच पुढचा.

त्याआधी चिरेच्या दोन्ही टोकांना तीनेक मिलिमीटरचं भोक पाडून घ्या, म्हणजे चीर पुढे पळत नाही. मग चिरेवर खाच करा. झाळायचं असेल तर शेवटचा हात ग्राइंडरऐवजी कानशीचा फिरवा. ग्राइंडरने बिडातलं ग्रॅफाइट पृष्ठभागावर पसरतं आणि पितळ धरत नाही.

झाळताना तापवणं सावकाश, सगळीकडून. थंड करणं त्याहून सावकाश. गरम बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतलं तर काय होतं, हे तुमच्या घरातल्यांना ठाऊक आहे. काम झालं की तुकडा कोरड्या राखेत पुरून रात्रभर सोडा. वेल्डर घाई करू लागला तर राखेची पाटी तुम्हीच घेऊन जा.

पितळेच्या धुरात जस्त असतं. तो छातीत गेला तर त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो. काम मोकळ्या हवेत होऊ द्या आणि वाऱ्याने धूर जातो त्या बाजूला तुम्ही उभे राहू नका.

परत बसवताना बाकाची फळी सपाट आहे ना, पाहा. खाली पोकळी राहिली आणि बोल्ट करकचून आवळला तर तोच कान पुन्हा तुटतो. व्हाइस हाताच्या जोरानेच आवळा, दांड्याला पाइप लावू नका. जबड्यावर घण मारू नका. ठोकायचंच असेल तर घाव मागच्या, स्थिर जबड्याच्या दिशेने घाला. आठवड्याभराने जोडावर पुन्हा एकदा रॉकेल लावून, पुसून खडू घासून बघा.