पोत्याचा मालक कोण?

'सेल्फ स्टोरेज' हा धंदा आता पुण्या-मुंबईतही आलाय. महिन्याच्या भाड्यानं एक खोली घ्यायची, कुलूप आपलं, सामान आपलं. अमेरिकेत अशी पन्नास हजारांहून जास्त ठिकाणं आहेत, आणि तिथली मोठी डोकेदुखी म्हणजे लोकांनी सोडून दिलेलं सामान. भाडं थकतं, लिलाव होतो, लिलावात कोणी न घेतलेल्या गाद्या आणि सोफे शेवटी कचऱ्यात जातात. आमच्या रिसोडला अशी खोली कोणी भाड्यानं घेणार नाही (घरात माळा असताना भाडं कशाला भरायचं?). पण दुसऱ्याच्या छपराखाली आपला माल ठेवायचा धंदा इथे जुनाच आहे. त्याला गोदाम म्हणतात. आणि कचऱ्याचा प्रश्न त्यालाही आहे, फक्त इथे माल कोणी सोडून जात नाही. सोडून जातात ते पोतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. सोयाबीन आणि तूर ही आमच्या भागाची पिकं. दसरा-दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांचं सोयाबीन एकदमच बाजारात उतरतं, भाव पडतो, म्हणून ज्याला थोडं थांबणं जमतं तो माल गोदामात ठेवतो. राज्य वखार महामंडळ १९५७ पासून आहे, ते शेतकऱ्याला भाड्यात ५० टक्के सवलत देतं. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासूनची. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजानं १८० दिवसांसाठी घ्या, भाव आला की विका. २०१७ पासून तर वखारीची पावतीसुद्धा इलेक्ट्रॉनिक झाली आहे. योजना चांगली आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं आहे गोदामाच्या मागच्या बाजूबद्दल.

मार्च-एप्रिलमध्ये माल उठला की कुठल्याही गोदामाच्या मागे एक चक्कर मारून बघा. फाटके प्लास्टिकचे कट्टे, सुतळीचे गुंते, ताडपत्रीचे तुकडे, थप्पीखालच्या मोडक्या फळ्या, झाडून काढलेली माती आणि काडी, सगळं एका ढिगात. मग एखाद्या संध्याकाळी कोणीतरी काडी लावतं. दुसऱ्या दिवशी तिथे काळा, चिकट गोळा असतो आणि जे जळलं नाही ते वाऱ्यानं शेजारच्या वावरात गेलेलं असतं. विणलेला प्लास्टिक कट्टा उन्हात एका हंगामात ठिसूळ होतो आणि त्याच्या पट्ट्या सुटतात. त्या पट्ट्या कुटारातून गुरांच्या पोटात जातात. ज्यांच्या गोठ्यात जनावर आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता जरा हिशोब करू (सवयच आहे, इलाज नाही). १,००० टनांचं गोदाम घ्या. ५० किलोचं पोतं धरलं तर एका भरणीला २०,००० पोती. सरकारी मापाचं तागाचं पोतं ५८० ग्रॅमचं असतं, म्हणजे नुसता ताग साडेअकरा टन! प्लास्टिकचा कट्टा हलका, शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, तरी दोन-अडीच टन होतात. एका गोदामात, एका भरणीत. या दोन-अडीच टनांचं पुढे काय झालं हे कुठे लिहिलेलं असतं? मी पाहिलेल्या पावत्यांवर मालाचं नाव, प्रत, वजन आणि पोत्यांचा आकडा असतो. पण तो आकडा माल मोजायला असतो. पोतं तागाचं की प्लास्टिकचं, नवं की जुनं, कोणाचं, परत गेलं का, यातलं काहीच नसतं. बाजारात माल ओतून विकला तर शेतकरी आपलं पोतं झटकून घरी नेतो. गोदामातला माल मात्र बहुतेक वेळा पोत्यासकट विकला जातो, व्यापारी तो आपल्या बारदान्यात भरतो, आणि त्या क्षणी जुनं पोतं बेवारस होतं.

आमच्या धंद्यात याला मेमरी लीक म्हणतात. मागताना नोंद होते, परत करायची जबाबदारी कोणाचीच नसते, आणि मग एक दिवस यंत्र म्हणतं की जागाच शिल्लक नाही.

तो दिवस इथेही येऊन गेला. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये, बाजारात त्याहून बरंच कमी मिळत होतं, आणि राज्यातल्या अनेक खरेदी केंद्रांवर खरेदी थांबली होती ती बारदाना नाही म्हणून. त्याआधी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बंगालच्या ताग गिरण्या बंद पडल्या, तेव्हा केंद्रालाच धान्यासाठी प्लास्टिकच्या पोत्यांना परवानगी द्यावी लागली होती. आता कोणी म्हणेल, सरकारी खरेदीला नवा, ठरल्या मापाचा बारदाना लागतो, गोदामामागचा फाटका कट्टा तिथे चालला असता का? नसता चालला, कबूल. पण एकीकडे पोतं नाही म्हणून शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभा आणि दुसरीकडे आपण पोती जाळतोय, हे चित्र मला तरी पचत नाही.

तागाच्या पोत्याला आपल्याकडे कधी कचरा म्हणतच नव्हते. धान्य झालं की बैलाच्या पाठीवर, पावसात डोक्यावरून खोळ म्हणून, माठाखाली, दारात पायपुसणं म्हणून, आणि शेवटी नव्या स्लॅबवर ओलं गोणपाट म्हणून. प्लास्टिकच्या कट्ट्याला इतके जन्म नाहीत. त्यात अर्धे कट्टे खताचे किंवा ढेपीचे. खताच्या कट्ट्यात खायची तूर भरणं हा पुनर्वापर मला अजिबात मान्य नाही, कितीही काटकसरीचा दिसला तरी. आणि घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवायचं असेल तर प्लास्टिकचं पोतं टाळा, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो.

मग करायचं काय? मला वाटतं, गोदामाच्या रजिस्टरला एक रकाना वाढवायचा: पोतं. येताना प्रकार आणि मालकाचं नाव, जाताना 'परत', 'विकलं' किंवा 'भंगार'. गोदामानं तागाचं पोतं भाड्यानं द्यावं, पोत्यामागे अनामत घ्यावी, परत आलं की अनामत परत. ज्या वस्तूवर पैसे अडकलेत ती माणूस जाळत नाही, याला काही अभ्यास लागत नाही. फाटलेली पोती दाभण-सुतळीनं शिवायला माणसं लावता येतील. पोती सगळ्यात जास्त फाटतात ती हमालाच्या आकडीनं. पण त्यासाठी हमालांना बोल लावण्यात अर्थ नाही. दिवसभर ५० किलो पाठीवर घेणारा माणूस आकडी लावणारच. आकडी नको असेल तर हमालीचा दर वाढवायची तयारी पाहिजे.

यावर गोदामवाल्यांचा आक्षेप ठरलेला आहे: जुन्या पोत्यातून कीड येते. खरं आहे. तुरीचा भुंगा आणि खापरा भुंगेऱ्याच्या अळ्या शिवणीत लपून बसतात. म्हणून पोतं झटकून कडक उन्हात वाळवायचं, आणि थप्पीला धुरी देताना रिकामी पोतीही त्याच आवरणाखाली ठेवायची. धुरी तर देतोच आपण.

धुरीचा विषय निघालाच आहे तर, त्या ढिगातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टनाला दोन-तीन लागतात, एक गोळी ३ ग्रॅमची, तिच्यातून १ ग्रॅम फॉस्फीन निघतो. मागे राखाडी भुकटी उरते. १,००० टनांच्या गोदामात ती काही किलो भरते आणि तिच्यात न विरलेलं विष थोडं शिल्लक असू शकतं. ती झाडलोटीत मिसळायची नाही, जाळायची तर मुळीच नाही. ती निकामी करणं हे प्रशिक्षित धुरीवाल्याचं काम आहे, आणि ते त्याच्या बिलातच लिहून घेतलं पाहिजे. झाडलोट गुरांना किंवा कोंबड्यांना म्हणून विकली जाते, तेव्हा तर ही काळजी दुप्पट.

राहता राहिलं प्लास्टिक. कट्टा पॉलिप्रॉपिलीनचा, ताडपत्री बहुतेक वेळा पॉलिथिनची. दोन्ही एकत्र केली की पुढे कोणी नीट भाव देत नाही. वेगळे केलेले, झटकलेले, सुतळी काढलेले कट्टे भंगारवाला किलोवर घेतो. चिखलात भिजलेले घेत नाही. म्हणजे हे काम पावसाच्या आधी व्हायला पाहिजे, माल उठतो त्याच आठवड्यात. रिसोडला रेल्वे नाही, सगळा माल ट्रकनं जातो, आणि माल भरायला येणारे ट्रक पुष्कळदा रिकामेच येतात. येताना गठ्ठे बांधलेली पोती आणायला जागा आहे.

राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ सालीच उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये दंड ठरवला. २५,००० रुपयांत किती पोती शिवून होतील, ते बाजार समितीच्या पुढच्या बैठकीत कोणीतरी विचारा.