सीए की सीएमए? शेंद्र्याच्या मुलांनी आधी शेजारचा कारखाना पाहावा

छत्रपती संभाजीनगर : बारावी कॉमर्सनंतर हुशार मुलाने सीए करायचे, हे शेंद्रा, करमाड, कुंभेफळच्या घरांत जवळपास ठरलेलेच असते. कॉस्ट अकाउंटंट, म्हणजे सीएमए, हे नाव निघते ते सीएच्या परीक्षेत दोन-तीनदा अडकल्यावर. तोवर घरच्यांचे पैसे आणि मुलाची उमेदीची वर्षे खर्ची पडलेली असतात. हा क्रमच चुकीचा आहे.

सीएसाठी 1949चा आणि कॉस्ट अकाउंटंटसाठी 1959चा असे संसदेचे दोन स्वतंत्र कायदे आहेत. कामेही वेगळी.

सही कोणाची?
कंपनीचे वैधानिक ऑडिट आणि प्राप्तिकराचे टॅक्स ऑडिट यांवर सही सीएचीच चालते. शहरात स्वतःचे ऑफिस थाटायचे असेल, तर सीएला तोड नाही. इथे वाद नको.

कारखान्यात काय लागते?
शेंद्र्यात 2001 मध्ये स्कोडाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. पुढे ऑरिक आले. अशा वसाहतीत मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे लहान कारखानेही असतात. त्यांचे गणित बघा. समजा, पत्र्याचा एक भाग 40 रुपयांना जातो. पत्रा 26, मजुरी आणि मशीनचा खर्च 9, वीज-वाहतूक वगैरे 3. सुटले 2 रुपये. मोठ्या कंपनीने 5 टक्के दर कमी करायला सांगितले की ते 2 रुपयेही गेले. आता भंगार किती निघते, डाय बदलताना मशीन किती वेळ बंद राहते, हे शोधूनच पैसा वाचवावा लागतो. ताळेबंदात हे दिसत नाही. शिफ्टमध्ये उभे राहून मोजावे लागते, आणि सीएमएचा अभ्यासक्रम नेमका याच हिशेबाभोवती फिरतो.

कायद्याचा आधारही आहे. नियमांत नमूद केलेल्या उद्योगांतील 35 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना कॉस्ट रेकॉर्ड ठेवावे लागतात. उलाढाल आणखी वाढली की बहुतेकांना कॉस्ट ऑडिट लागते आणि ते कॉस्ट अकाउंटंटच करतो. अर्थात, सगळे उद्योग या यादीत नाहीत. त्यामुळे केवळ ऑडिटच्या भरवशावर सीएमए करणे धोक्याचे. खरी मागणी नोकरीत आहे.

वेळ किती?
सीएची आर्टिकलशिप आता दोन वर्षांची आहे, सीएमएचे प्रशिक्षण 15 महिन्यांचे. दोन्हीकडे बारावीनंतर फाउंडेशन. परीक्षा दोन्ही अवघड. सीएमए सोपे म्हणून घेणारा तिथेही अडकतो.

इंजिनीअरिंग केलेल्यांना पदवीवर सीएमएच्या इंटरमीडिएटला थेट प्रवेश मिळतो. सीएसाठी त्यांना 60 टक्के गुण लागतात. मशीन आधीच कळणाऱ्या या मुलांना कॉस्टिंग जड जाऊ नये.

क्लासची फी भरण्याआधी ओळखीच्या एखाद्या कारखान्यात आठवडाभर कॉस्टिंगच्या टेबलाशेजारी आणि आठवडाभर एखाद्या सीएच्या ऑफिसात बसून पाहावे. त्याला पैसे पडत नाहीत.