वाईन-पोर्कशिवाय बोलोन्याचा रागू

सुट्टी लागली की बहुतेक घरांत एक फर्माईश हमखास होते, ‘अम्मी, पास्ता कर ना!’ मग पाकिटातला मसाला, वर चीजचा कीस, आणि दहा मिनिटांत काम फत्ते. त्यात वाईट काही नाही. पण हल्ली मुलं मोबाईलवर खऱ्या इटालियन स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहतात. मांसाचा तो दाट, तपकिरी सॉस पाहून त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. त्याच व्हिडिओत आचारी भांड्यात पेलाभर वाईन ओततो, त्याआधी डुकराच्या चरबीचे तुकडे परतलेले असतात. मग मुलं विचारतात, ‘आपण हे खाऊ शकतो का?’ आणि घरातून उत्तर येतं, ‘तौबा तौबा, बंद कर ते!’

उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच आहे. वर्गात आम्ही रोज पाहतो, नुसतं ‘नाही’ ऐकलेलं मूल गप्प बसतं, पण त्याचा प्रश्न संपत नाही. उद्या तेच मूल शिकायला पुण्याला, मुंबईला किंवा परदेशी जाईल. मित्रांबरोबर हॉटेलात बसेल. तिथे विचारायला अम्मी नसेल. ‘थोडी वाईन असते, ती उकळून उडून जाते’ असं कुणी सांगितलं, तर त्याला काय माहीत असणार? म्हणून त्या पदार्थात काय असतं, ते कशासाठी घालतात आणि त्याविना तो कसा होतो, हे घरीच कळलेलं बरं. या महिन्यात आपण तो सॉसच घरी करू.

या सॉसचं खरं नाव रागू. उत्तर इटलीतलं बोलोन्या हे त्याचं गाव. तिथलं विद्यापीठ युरोपातलं सर्वांत जुनं मानलं जातं, परंपरेने त्याचं स्थापनावर्ष 1088 सांगतात. इब्न सीनाचा ‘अल-कानून’ तिथल्या वैद्यकशास्त्राच्या अभ्यासक्रमात होता, हेही मुलांना जाता जाता सांगायला हरकत नाही. 1891 मध्ये पेल्लेग्रिनो आर्तुझी यांनी पाककृतींचं जे प्रसिद्ध पुस्तक काढलं, त्यात बोलोन्याच्या पद्धतीची मॅकरोनी आहे, आणि तिच्या सॉसमध्ये टोमॅटोच नाही! पुढे 1982 मध्ये इटलीच्या पाककला अकादमीने रागूची कृती बोलोन्याच्या व्यापार मंडळात रीतसर नोंदवली आणि 2023 मध्ये ती सुधारून पुन्हा नोंदवली. म्हणजे ‘मूळ कृती’ म्हणून जिचा दरारा आहे, तीही बदलत आली आहे. आपण दोन जिन्नस बदलले तर आभाळ कोसळणार नाही.

आता ते दोन जिन्नस. डुकराची खारवलेली चरबी तिथे दोन कामं करते, स्निग्धपणा देते आणि मीठ देते. ही कामं बकऱ्याची चरबी, थोडं लोणी आणि साधं मीठ उत्तम करतात. वाईनचं मुख्य काम आंबटपणा देण्याचं, आणि दुसरं म्हणजे भांड्याच्या तळाला चिकटलेली खरपूस खरवड सोडवण्याचं. खरवड तर यखनीनेही सुटते, आणि आंबटपणाला सिरका आहे. सिरक्याची तारीफ हदीसमध्ये आली आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

राहिला ‘उडून जाते’चा दावा. तो खरा नाही. अमेरिकेच्या शेती खात्याच्या तक्त्याप्रमाणे अर्धा तास मंद उकळल्यावरही घातलेल्या अल्कोहोलचा सुमारे 35 टक्के भाग पदार्थात राहतो आणि अडीच तासांनंतरही सुमारे 5 टक्के. आपल्यासाठी ती मुळात घालणंच वर्ज्य आहे, उडण्या-न उडण्यावर मसला अवलंबून नाही. पण मित्राने हा मुद्दा काढला तर मुलाकडे आकडाही असावा.

सहा माणसांसाठी अर्धा किलो कीमा पुरे. बोलोन्यात गोमांस वापरतात. आपल्या राज्यात 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीचं मांस मात्र चालतं. त्याचा कीमा या सॉसला फार छान लागतो. फक्त तो कोरडा असतो, म्हणून सोबत पन्नास ग्रॅम बकऱ्याची चरबी बारीक चिरून घ्या. बकऱ्याचा कीमा घेतलात तरी उत्तम, मग चरबी कमी चालेल. चिकनचा कीमा मात्र आम्ही सुचवणार नाही, दोन तासांत त्याचा भुगा होतो.

कसाईदादांना सांगा, मशीनमधून एकदाच काढा, जाड जाळीने. आणखी एक गोष्ट. आपल्याकडे कीमा धुण्याची सवय आहे. धुतलेला कीमा पाणी धरून बसतो आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. त्यापेक्षा बोटी आधी धुऊन, निथळून मग कीमा काढून घ्यावा. ते जमत नसेल तर धुतलेला कीमा चाळणीत तासभर निथळू द्या आणि स्वच्छ कापडाने टिपून घ्या.

एक कांदा, एक गाजर आणि सेलरीच्या दोन दांड्या अगदी बारीक चिरा. तिन्ही साधारण सारख्या प्रमाणात हवेत. सेलरी मोठ्या शहरांच्या मंडईत मिळते. गावात नाही मिळाली तर कोथिंबिरीचे कोवळे देठ घाला, चव जरा वेगळी येईल पण सॉस अडणार नाही. लसूण? नाही. आलंही नाही. हळद, गरम मसाला, तेजपत्ता, काही नाही. बोलोन्याच्या नोंदीत लसणाला स्पष्ट मनाई आहे. आलं-लसणाशिवाय कीमा म्हटल्यावर दादी-नानी भुवया उंचावतील, उंचावू द्या.

जाड बुडाचं पसरट भांडं घ्या. बिस्मिल्लाह म्हणून दोन चमचे तेल आणि ती चरबी मंद आचेवर ठेवा. चरबी वितळली की चिरलेल्या भाज्या घाला आणि दहा-बारा मिनिटं परता. त्या मऊ आणि गोडसर व्हायला हव्यात, लाल नाही. बिर्याणीच्या बिरिस्त्याची सवय हाताला असते, म्हणून मुद्दाम सांगतो. झाल्या की बाहेर काढून ठेवा.

आता आच मोठी करा आणि कीमा दोन हप्त्यांत घाला. सगळा एकदम ओतला की तो पाणी सोडतो आणि त्याच पाण्यात शिजत राहतो, रंग राखाडीच राहतो. थोडा थोडा घातला की पाणी लगेच उडतं आणि कीमा तळाला लागून खरपूस होऊ लागतो. या वेळी चमचा बाजूला ठेवा. सतत ढवळू नका. दोन मिनिटं तसाच राहू द्या, तळाने सोडला की उलटा, पुन्हा थांबा. तडतड असा आवाज आला म्हणजे पाणी संपलं. रंग भाजलेल्या कॉफीकडे झुकला म्हणजे झालं. ज्यांना सालन भुनता येतं त्यांना हे शिकवावं लागत नाही, तेल सुटेपर्यंत मसाला भुनताना जो धीर धरता तोच इथे कीम्यावर धरायचा. या सॉसची निम्मी चव या पंधरा मिनिटांत तयार होते, आणि घाईची पाककृती नेमकी हीच पंधरा मिनिटं कापते.

तळाला तपकिरी थर बसला असेल. अर्धी वाटी गरम यखनीत एक मोठा चमचा सफरचंदाचा सिरका मिसळून भांड्यात ओता आणि लाकडी चमच्याने तळ खरवडा. बाजारातला पांढरा कृत्रिम सिरका तीव्र असतो, तो असेल तर एक लहान चमचाच. ओलावा आटू द्या. मग भाज्या परत घाला, चार लाल टोमॅटो सोलून वाटलेले घाला, आणि मिळाली तर चमचाभर टोमॅटो पेस्ट. केचप नको, त्यात साखर असते. हाडांची दोन वाट्या यखनी, थोडं मीठ, काळी मिरी, आणि आवडत असेल तर जायफळाचा किंचित कीस. आच अगदी लहान करा, पृष्ठभागावर मधूनच एखादा बुडबुडा फुटावा इतकी. झाकण तिरकं ठेवा. दोन तास.

गॅसचा खर्च आम्हालाही कळतो. म्हशीचा कीमा असेल तर कुकरमध्ये मंद आचेवर वीस मिनिटं शिजवून मग अर्धा-पाऊण तास झाकण काढून आटवलात तरी चालेल. कुकरमध्ये मांस शिजतं पण रस दाटत नाही, म्हणून शेवटचा तो वेळ वाचवू नका. शेवटच्या अर्ध्या तासात एक वाटी दूध थोडं थोडं करून घाला. मांसात दूध ऐकून दचकायचं कारण नाही, टोमॅटो-सिरक्याचा आंबटपणा त्याने मऊ होतो. शेवटी सॉस ओघळता नसावा, चमच्यावर बसावा. कडेने तेल सुटलेलं दिसेल, ते काढून टाकू नका. एक चमचा लोणी घालून उतरवा.

दोन तास अधूनमधून ढवळण्याचं काम मुलांवर सोपवा, मुलींवरच नव्हे, मुलग्यांवरही. हॉस्टेलवर त्यांना हेच उपयोगी पडणार आहे.

पास्त्याबद्दल थोडं. मार्को पोलोने तो चीनमधून आणला ही गोष्ट मुलांना कुठेतरी वाचायला मिळते. मार्को पोलो परतला 1295 च्या सुमारास. त्याच्या कितीतरी आधी, 1154 मध्ये, सिसिलीच्या राजा रॉजरच्या दरबारातले मुस्लिम भूगोलतज्ज्ञ अल-इद्रीसी यांनी लिहून ठेवलं आहे की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात ‘इत्रिया’ म्हणजे शेवया मोठ्या प्रमाणावर बनतात आणि जहाजं भरभरून मुस्लिम आणि ख्रिस्ती मुलुखांत जातात. ईदच्या शीरखुर्म्याच्या शेवया करताना ही गोष्ट सांगून पाहा, मुलं कान देऊन ऐकतात.

बाजारातला पास्ता घेताना पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा असं लिहिलेलं पाहा, मैद्याचा लवकर गिचका होतो. आपला बन्सी गहू याच जातीचा. बोलोन्यात या सॉसबरोबर स्पॅगेटी खात नाहीत, चपट्या रुंद पट्ट्यांचा तालियातेल्ले खातात, कारण गोल काडीवरून कीमा घसरून ताटात राहतो. तालियातेल्ले न मिळाल्यास पेन्ने घ्या, कीमा त्याच्या नळीत शिरतो. माणशी 80 ते 100 ग्रॅम. शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ. पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी चाखून पाहा, दाताला किंचित लागला पाहिजे. निथळण्यापूर्वी त्याचं वाटीभर पाणी काढून ठेवा. पास्ता गार पाण्याने धुऊ नका, तेल लावू नका. सरळ गरम सॉसमध्ये टाका, चार चमचे ते पाणी घाला आणि मिनिटभर हलवा. भातावर सालन ओततो तसा सॉस वरून ओतायचा नाही.

वरून चीज. खऱ्या पार्मेझानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, आणि ते वासरू जबिहा नसतं. इमाम अबू हनीफा यांच्या मते असं रेनेट पाक आहे, शाफई मसलकात तसं मानत नाहीत. आपल्या वाचकांत कोकणातली कितीतरी घरं शाफई आहेत, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या आलिमांना विचारावं. सोपा मार्ग हवा असेल तर हिरव्या ठिपक्याचं चीज घ्या, त्यात प्राणिज रेनेट नसतं. पण हिरवा ठिपका फक्त प्राणिज जिन्नस नसल्याचं सांगतो, दारू नसल्याचं नाही. म्हणून तयार सॉसची बाटली घेताना ठिपक्यावर न थांबता मागची बारीक अक्षरं वाचावीत.

हा सॉस दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. दुप्पट करून ठेवलात तर फ्रीजमध्ये तीन दिवस राहतो, बर्फाच्या कप्प्यात दोन-तीन महिने. उरलेला टोस्टवर घालून वर चीज किसून तव्यावर झाकून ठेवा, शाळेच्या डब्यालाही चालतो.