घटस्फोट थोडे, म्हणून संसार सुखाचे?

कुटुंब आणि समाज
येलहंका, बंगळूर

आपल्या देशात घटस्फोट फार थोडे होतात, असे आपण अभिमानाने सांगतो. आकडेही त्यास दुजोरा देतात. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित स्त्रीपुरुषांची संख्या सुमारे १३.६ लाख भरली. विवाहितांच्या प्रमाणात पाहिल्यास हजारी अडीचही नव्हे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत हे प्रमाण नगण्य होय. एवढ्यावरून भारतीय संसार सुखाचे आहेत, असा निष्कर्ष कोणी काढला तर त्यात नवल नाही.

परंतु त्याच जनगणनेत या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आहे. पती वा पत्नीपासून वेगळे राहणाऱ्या, पण कायद्याने अद्याप विवाहित असलेल्या व्यक्तींचा तो रकाना होय. पूर्वी हे दोन्ही गट एकत्रच मोजले जात. २०११ साली त्यांचे आकडे प्रथमच निरनिराळे प्रसिद्ध झाले. तेव्हा असे दिसून आले की, वेगळे राहणाऱ्यांची संख्या ३५ लाखांच्या घरात, म्हणजे घटस्फोटितांच्या जवळजवळ तिप्पट आहे. शिवाय दोन्ही रकान्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक आहे. वास्तविक एक संसार मोडला म्हणजे एक पुरुष व एक स्त्री अशी समान भर पडावयास हवी. तशी ती पडत नाही, याचे एक मोठे कारण उघड आहे. पुरुषाचा दुसरा संसार लवकर उभा राहतो आणि तो पुन्हा ‘विवाहित’ म्हणून गणला जातो. स्त्री मात्र बहुधा आहे त्याच रकान्यात राहते.

या दुसऱ्या रकान्याला मराठीत काय म्हणावे, हा भाषांतरकारापुढे नेहमीच प्रश्न पडतो. ‘विभक्त’ म्हणावे तर वाचकास विभक्त कुटुंबाची, वेगळ्या चुलीची आठवण होते. बोलीत मात्र शब्दाची वाण नाही. ‘टाकलेली’ हा तो शब्द. संस्कृताचा पेहराव चढविला की तीच ‘परित्यक्ता’ होते. पुरुषाला लावावयाचा असा शब्द भाषेत रूढ नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

विवाह मोडण्याच्या क्रियेलाही मराठीत अनेक शब्द आहेत. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे शब्द जुने आहेत. ज्या समाजात संसार मोडतच नाहीत, त्या समाजाच्या भाषेत एवढे शब्द निपजत नाहीत. महाराष्ट्रातील अनेक जातींत पंचांसमक्ष काडी मोडली की विवाह संपत असे आणि स्त्रीला पाट लावून पुन्हा संसार थाटता येत असे. इकडे म्हैसूरच्या मुलुखातही अनेक जातींत ‘कूडिके’ या नावाने असाच पुनर्विवाह रूढ होता. याउलट आज सर्वत्र रूढ असलेल्या ‘घटस्फोट’ या शब्दाचे मूळ वेगळेच आहे. पतिताला जातीबाहेर घालताना पाण्याने भरलेला घट फोडण्याचा जो विधी असे, त्याला घटस्फोट म्हणत. काडी मोडण्यात केवळ संबंधाचा शेवट होता. घट फोडण्यात बहिष्कार होता. शब्द बदलला, आणि त्याबरोबर जणू बहिष्काराची ती छायाही घरात शिरली.

ही छाया पसरण्यास सामाजिक कारणेही होती. दक्षिण कर्नाटकातील खेड्यांत जॉन कॉल्डवेल, पी. एच. रेड्डी व पॅट कॉल्डवेल यांनी १९७९ पासून अभ्यास केला. वधूपक्षाला देज देण्याची जुनी चाल मागे पडून वरपक्षाला हुंडा देण्याची चाल कशी पसरली, हे त्यांनी नोंदविले आहे. देज घेतले असेल तर ते परत करून मुलगी सोडवून आणता येई. हुंड्यासाठी कर्ज काढलेल्या बापाला मात्र परतलेली मुलगी म्हणजे बुडालेले भांडवल वाटू लागते. मग ‘तिकडेच राहा, निभावून ने’ हा उपदेश सुरू होतो.

कायद्याने हा प्रश्न हाती घेतला तो पुष्कळ उशिरा. रखमाबाईंचा खटला आपणांस ठाऊक आहेच. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८७ साली नांदावयास जा अथवा तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्यानंतर रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. दादाजींनी दुसरे लग्न केले. जनगणनेच्या भाषेत बोलावयाचे तर रखमाबाईंची नोंद ‘घटस्फोटित’ या रकान्यात झाली नसती. ती दुसऱ्याच रकान्यात करावी लागली असती.

पुढे काही संस्थानांनी पुढाकार घेतला. म्हैसूर संस्थानाने १८९४ साली आठ वर्षांखालील मुलींच्या विवाहास बंदी केली आणि १९३३ साली हिंदू स्त्रियांना मालमत्तेत हक्क देणारा कायदा केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली काडीमोडीचा कायदा केला. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांतात १९४७ साली, तर सर्व देशासाठी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही तरतूद झाली. त्या कायद्याने रूढीने चालत आलेली काडीमोडही शाबूत ठेवली. परस्परसंमतीने घटस्फोट मिळू लागला तो १९७६ पासून.

दार बंद असणे जसे वाईट, तसे ते एकाच बाजूने उघडणारे असणेही वाईट. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम भगिनींनी मुंबईत तोंडी तलाकाविरुद्ध मोर्चा काढला. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविला तो २०१७ साली. मध्यंतरी १९८८ साली संगमनेर येथे निशा शिवूरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांची परिषद भरवून या दुसऱ्या रकान्यातील स्त्रियांना वाचा दिली.

दरम्यान लग्नाचे वय वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण २००५-०६ साली ४७.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २३.३ टक्क्यांवर आले. महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांत ते २१ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान आहे. अधिक शिकलेली व प्रौढ वयात विवाह केलेली मुलगी अन्याय मुकाट्याने सोसणार नाही. तेव्हा घटस्फोटांचा आकडा उद्या थोडा वाढला, तर ते कुटुंबसंस्थेच्या ऱ्हासाचेच लक्षण होय असे घाईने मानू नये. दुसऱ्या रकान्यातील काही व्यक्ती पहिल्या रकान्यात जाऊन मोकळ्या झाल्या, असाही त्याचा अर्थ असू शकेल.

आता या प्रश्नाला आणखी एक पदर सुटला आहे. हे सदर जेथून लिहिले जाते ते येलहंका बंगळूर वसविणाऱ्या केंपेगौडांच्या घराण्याचे मूळ ठाणे. आज येथे हवाई दलाचे केंद्र आहे, रेल्वेचा चाक-कारखाना आहे, आणि शेजारचे महानगर तर साऱ्या देशातून माणसे ओढून घेते. विवाह कोल्हापुरास, संसार येलहंक्यास, आणि बिनसले म्हणजे मुलगी सोलापुरास माहेरी, असे सहज घडू शकते. पंच एका गावचे राहिले नाहीत. मध्यस्थी करणारे वडीलधारे शेकडो मैलांवर असतात. अशा वेळी प्रकरण लोंबकळत पडते, आणि लोंबकळण्याचा तोटा जिच्या हाती पैसा नाही तिला अधिक होतो.

म्हणून काही गोष्टी प्रत्येक घरी माहीत असाव्यात. विवाहाची नोंदणी न चुकता करावी व दाखल्याची एक प्रत मुलीच्या स्वतःजवळ असावी. हिंदू विवाह कायद्यात २००३ साली झालेल्या दुरुस्तीमुळे पत्नी जेथे राहत असेल तेथील न्यायालयातही तिला अर्ज करता येतो. परगावी खेटे घालण्याचे कारण नाही. पोटगीचा अर्ज कोणत्याही धर्माच्या पत्नीला ती राहते त्या ठिकाणी करता येतो. ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य वकील मिळू शकतो.

आणि शेवटची गोष्ट जनगणनेची. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भाची तारीख शासनाने ठरविली आहे. गणक दारी येईल तेव्हा वैवाहिक स्थिती विचारील. तो दाखला मागत नाही. घरचे सांगतील ते लिहून घेतो. घरात परतलेली मुलगी असेल तर पुष्कळ घरांतून ‘विवाहित’ एवढेच उत्तर जाण्याचा संभव आहे. लोकलज्जेपोटी दिलेल्या त्या उत्तराने तिचे दुःख कमी होत नाही. देशाच्या हिशेबातून मात्र ते नाहीसे होते. तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर इतरांनी न देता तिलाच देऊ द्यावे.