बत्तीस हजारांचा खर्ज

मागच्या डिसेंबरात अमेरिकेतून भारतात जाताना मी बॅगेत एक महागडा स्मार्ट स्पीकर घातला. आई-बाबांसाठी. आमचं घर डोंबिवली पूर्वेला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. तिथे तो शोकेसवर स्थानापन्न झाला आणि पहिल्याच दिवशी पेच पडला. यंत्राला का होईना, नाव घेऊन हाक मारणं आईच्या जिभेला जमेना. ती म्हणायची, "अहो, जरा हळू करा." स्पीकर ढिम्म. आतल्या खोलीतून बाबा विचारायचे, "काय हळू करू?"

तेव्हापासून इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, न्यावा का असा स्पीकर? माझं म्हणणं एवढंच, की आधी तिकडच्या घराच्या खिडक्या आठवा.

मी नेलेला कोणत्या कंपनीचा ते सोडा, प्रश्न त्या वर्गाचा आहे. अंदाजासाठी सांगतो. ॲपलचा नवा होमपॉड 2023 च्या फेब्रुवारीत भारतात आला तो 32,900 रुपयांना. अमेरिकेत तोच 299 डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या भावाने साधारण पंचवीस हजारांना. (इथून न्यायचा मोह होतो तो या फरकामुळे.) त्यांचाच छोटा मिनी 2020 मध्ये भारतात 9,900 रुपयांना आला होता. मग वरचे तेवीस हजार कशाचे? मुख्यतः खर्जाचे. खालचे सूर उमटवायचे तर हवा जास्त हलवावी लागते, त्यासाठी मोठा वूफर लागतो. होमपॉडमध्ये तो चार इंची आहे. शिवाय पाच ट्वीटर, आणि खोलीचा कानोसा घेऊन आवाज जुळवणारे माइक. हे थोतांड नव्हे. इथे हिवाळ्यात, काचा बंद असताना, रात्री भीमसेनजींची मैफल लावली की तानपुरा खोलीभर पसरतो आणि डग्ग्याची घुमक छातीत जाणवते. त्या वेळी दिलेला डॉलर न् डॉलर वसूल झाला असं वाटतं.

डोंबिवलीत काचा बंद नसतात. खिडकी उघडी, डोक्यावर पंखा, खाली पाण्याचा पंप, दर थोड्या वेळाने लोकल. या सगळ्या आवाजांत घरघर जास्त, म्हणजे तेही खालच्याच पट्टीतले. नेमक्या ज्या सुरांसाठी जादा पैसे मोजले, ते पंखा आणि फास्ट लोकल मिळून खाऊन टाकतात. यंत्र भिंतींचा अंदाज घेऊन आवाज जुळवतं, पण लोकल थांबवू शकत नाही. मग आपण आवाज वाढवतो. खर्ज भिंतीला फारसा जुमानत नाही, तो पलीकडे पोचतो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू हसत हसत म्हणाल्या, "नवीन काहीतरी आणलेलं दिसतंय. आमच्या मांडणीवरच्या ताटल्यांना कळलं!"

त्यात आमच्याकडे ऐकतात काय, तर सकाळी मेथी निवडताना नाट्यसंगीत, तेही जुनं. बालगंधर्वांची पदं 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर उतरली, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात खोल खर्ज मुळात आलेलाच नाही. गायकाचा गळा आहे, ऑर्गन आहे, खरखर आहे. ती खरखर तेवढी महागड्या स्पीकरवर अधिक स्वच्छ ऐकू येते. गळा मधल्या पट्टीत असतो, आणि तो पाच-सहा हजारांचा डबाही नीट देतो.

वय झालेल्यांना तोंडी हुकूम सोयीचा पडतो, हे मला मान्य आहे. आईची बोटं दुखतात, मोबाइलवर शोधत बसणं तिला नको होतं. पण ती सोय महागड्या वर्गाची मक्तेदारी नाही. ॲमेझॉनचे इको भारतात 2017 पासून आहेत, अलेक्सा 2019 पासून हिंदी बोलते, आणि त्यांतला सगळ्यात लहान स्पीकरही हाकेला ओ देतो. उलट या बड्या स्पीकरांना बहुतेकदा बॅटरी नसते. वीज गेली की होमपॉडही मुका. सारेगामाचा ‘कारवाँ’ 2017 मध्ये आला आणि ज्येष्ठांच्या घरांत रुळला, त्याचं मला आता नवल वाटत नाही. गाणी आतच भरलेली, चार्ज करून ठेवलेला, फिरवायला बटण. इंटरनेट नको, पासवर्ड विचारायला अमेरिकेतल्या मुलाला फोन नको.

माझा स्पीकर शेवटी ठाण्याला ताईकडे गेला. घोडबंदर रोडला तिचं घर बऱ्याच वरच्या मजल्यावर आहे. धुळीमुळे काचा बंदच, एसी चालू, आणि भाचा ऐकतो ‘सैराट’. अजय-अतुल यांनी त्या चित्रपटाचा वाद्यवृंद हॉलिवूडमध्ये जाऊन ध्वनिमुद्रित केला होता, तिथे खालचे सूर खरोखर आहेत आणि त्या खोलीत ते ऐकूही येतात. त्या घरासाठी मी तीस हजारांना ना म्हणणार नाही.

आईबाबांना मी बटणवाला डबा घेऊन दिला. रविवारी फोन केला तर मागे ऑर्गन ऐकू येत होता. मी विचारलं, "बाबा, आवाज बरा आहे का?"

"थांब," बाबा म्हणाले, "फास्ट जाऊ दे, मग सांगतो."